हाली, कलदार आणि गव्हर्नरची सही

आष्टी ते नगर हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीनं ते कापणारा शेतकरी वाटेत कुठेतरी एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिरायचा. मागे निजामाचं हैदराबाद संस्थान, पुढे इंग्रजांचा मुंबई इलाखा. बोली तीच, पिकं तीच, सोयरीकही दोन्हीकडे. बदलायचा तो कनवटीला बांधलेला रुपया. आष्टीत सोळा आण्यांचा असलेला रुपया नगरच्या सराफापुढे ठेवला की सरकारी दरानं जेमतेम पावणेचौदा आण्यांचा भरे. सराफाचा बट्टा वेगळा.

निजामाच्या रुपयाला लोक ‘हाली’ म्हणत, इंग्रजांच्या रुपयाला ‘कलदार’. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. आपल्या रोजच्या ‘हल्ली’चं मूळही याच अरबी शब्दात आहे. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाची टांकसाळही यंत्रावर चालू लागली आणि रुपयावर चारमिनार उमटला, पण कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिलं. बीड, गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई या पट्ट्यात व्यवहार ठरवताना ‘किती’ एवढं विचारून भागत नसे. हाली की कलदार, हेही विचारावं लागे.

दोन्ही रुपयांचं सरकारी नातं ठरलेलं होतं: सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. हा हिशोब विचित्र वाटतो, पण त्यामागे चांदी होती. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि चांदी ८२ टक्क्यांच्या आत-बाहेर. वजन आणि कस यांचा गुणाकार केला तर एका नाण्यात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी निघते, दुसऱ्यात ९.१ ग्रॅम. एकाला दुसऱ्यानं भागलं की उत्तर सातास सहाच्या अगदी जवळ येतं. त्या काळचा सराफ रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकायचा, तो उगाच नाही. पैशाची किंमत पैशाच्या अंगातच होती. कुणाच्या सहीवर विसंबायची गरज नव्हती.

ती गरज पहिल्या महायुद्धानं आणली. जगभर चांदी महागली आणि तिचा तुटवडा पडला. नाणी पाडायची कशाची, हा प्रश्न कलकत्त्यालाही पडला आणि हैदराबादलाही. निजाम सरकारनं १९१८ मध्ये कागदी चलनाचा कायदा केला आणि उस्मानिया नोटा काढल्या. लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या छापखान्यात छापलेल्या या नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम लिहिलेली असे. संस्थानातले बहुसंख्य लोक कोणत्या भाषा बोलतात, याची ही कबुलीच म्हणायची. शाळा-कचेऱ्यांत मात्र उर्दूचं राज्य होतं. इतर संस्थानांपैकी बऱ्याच जणांनी एव्हाना स्वतःच्या टांकसाळी बंद करून कलदार स्वीकारला होता. हैदराबाद मात्र आपला सिक्का, आपली नोट आणि आपला विनिमयदर जपून होतं.

नोट म्हणजे कागदावरचं वचन. वचन पाळलं जाईल याची जबाबदारी कुणीतरी एका ठिकाणी घ्यावी लागते. मध्यवर्ती बँक नावाच्या संस्थेचा जन्म सगळीकडे याच अडचणीतून, नाहीतर राजाच्या रिकाम्या खजिन्यातून झालेला दिसतो. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेनं १६६१ मध्ये नोटा काढल्या, हव्या तेवढ्या काढत गेली आणि बुडाली. तिच्या राखेतून १६६८ मध्ये रिक्सबँक उभी राहिली, ती आजही स्वीडनची मध्यवर्ती बँक आहे. बँक ऑफ इंग्लंडचा १६९४ चा जन्म युद्धासाठी राजाला बारा लाख पौंड कर्ज देण्याच्या सौद्यातून झाला. आजच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मध्यवर्ती बँकेची कामं सुबकपणे मोजून दाखवलेली असतात. प्रत्यक्षात ती एकेका संकटात एकेक करून तिच्या गळ्यात पडली.

भारतात हे काम बराच काळ विखुरलेलं होतं. नोटा सरकार काढी आणि सरकारचे बँकव्यवहार १९२१ नंतर इम्पीरियल बँक पाही. १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगानं यासाठी एक स्वतंत्र मध्यवर्ती बँक हवी अशी शिफारस केली. या आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. रिझर्व्ह बँक त्या ग्रंथावरूनच उभी राहिली, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. ते पुरतं खरं नाही आणि त्यात आंबेडकरांचा खरा मुद्दा हरवतो. चलनाचा पुरवठा कुणाच्याही मर्जीवर सोडू नये, रुपये काढण्यालाच ठाम मर्यादा असावी, हा त्यांचा आग्रह होता. चलन ‘सांभाळणाऱ्या’ शहाण्या अधिकाऱ्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. रिझर्व्ह बँकेचं आजचं सारं काम त्या सांभाळण्याचंच आहे. तेव्हा आंबेडकरांना तिचे जनक म्हणण्यापेक्षा तिचे पहिले कडक परीक्षक म्हणणं त्यांच्या विचाराला जास्त धरून होईल.

१९३४ च्या कायद्यानं स्थापन झालेली भारतीय रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. भांडवल पाच कोटी, भागधारक खाजगी, पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ, मुख्य कचेरी कलकत्त्यात. १९३७ मध्ये ती मुंबईला आली. ११ ऑगस्ट १९४३ ला चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा मराठी माणूस या पदावरचा पहिला भारतीय. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं.

या साऱ्या काळात बीड जिल्हा त्या बँकेच्या अंमलाबाहेर होता. नगरच्या बाजारात गव्हर्नरच्या सहीची नोट फिरत असताना शेजारच्या आष्टी-पाटोद्यात ती परक्या मुलखाची नोट होती. बीडची मध्यवर्ती बँक, तिला तसं म्हणायचं तर, हैदराबादेत होती. १९४१ मध्ये कायदा करून निजाम सरकारनं हैदराबाद स्टेट बँक स्थापन केली. ५ एप्रिल १९४२ ला गनफाउंड्री भागात तिची पहिली शाखा उघडली. उस्मानिया चलनाचं व्यवस्थापन आणि संस्थानचं सरकारी कर्ज ही कामं तिच्याकडे होती, शिवाय साधी व्यापारी बँकही ती होतीच. सरकारची बँक आणि दुकानदाराची बँक एकाच काउंटरवर.

स्वतःचं चलन म्हणजे सार्वभौमत्वाची खूण, हे निजामाच्या दरबाराला पक्कं ठाऊक होतं. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस भारताशी ‘जैसे थे’ करार झाला आणि काही आठवड्यांतच हैदराबादनं दोन वटहुकूम काढले. एकानं संस्थानाबाहेर सोनं-चांदी न्यायला बंदी केली, दुसऱ्यानं भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवलं. त्याच सुमारास पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात वीस कोटींचं कर्ज देण्याचा घाटही घातला गेला. सरदार पटेलांच्या खात्यानं कराराचा भंग म्हणून जी यादी मांडली, तिच्यात या गोष्टी अग्रभागी होत्या. रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरच्या चकमकी यांच्या आठवणी मराठवाड्यात घरोघर आहेत. हैदराबाद मुक्तीच्या त्याच लढ्यात रुपयाही एक आघाडी होता, हे सहसा सांगितलं जात नाही.

लढणाऱ्यांना मात्र ते बरोबर कळलं होतं. स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी अंबाजोगाईच्या शाळेत शिकवता शिकवता माणसं घडवली, त्यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात सरहद्दीवर सशस्त्र तळ उभे राहिले. या तळांना पैसा हवा होता. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरी गावी स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर छापा घातला आणि सुमारे वीस लाख रुपये नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली आणि उमरीची बातमी त्या अंधारात बुडाली.

पैशाची आणखी एक हालचाल झाली, ती थेट लंडनमध्ये. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवरची भारताची पोलिस कारवाई संपली. त्यानंतर तीनच दिवसांनी निजामाच्या लंडनमधल्या खात्यातून दहा लाखांहून थोडे जास्त पौंड पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले. निजामानं ते परत मागितले, पण बँकेनं मालक कोण ते ठरेपर्यंत कुणालाच द्यायचं नाकारलं. ठरायला एकाहत्तर वर्षं लागली! ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयानं भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा व्याजासकट रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

संस्थान विलीन झालं म्हणून त्याच्या नोटा दुसऱ्या दिवशी रद्दी झाल्या नाहीत. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीनं चालू झाला, दर तोच: सातास सहा. १९५१ मध्ये नवे हाली निघणं थांबलं. जुने मात्र फिरत राहिले. बाजारात दोन्ही चालत, कचेरीत दोन्ही घेतले जात, पगाराचे आणि साऱ्याचे आकडे हळूहळू नव्या रुपयात लिहिले जाऊ लागले. हालीचं चलन पूर्णपणे संपलं ते १९५९ मध्ये. तोवर बीड जिल्हा १९५६ च्या फेररचनेत द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता, आणि आणे-पै जाऊन १९५७ मध्ये नवे पैसेही आले होते. या बदलाच्या निम्म्याहून अधिक काळात देशाचे अर्थमंत्री होते तेच चिंतामणराव देशमुख, एके काळचे गव्हर्नर.

एका चलनाला निरोप द्यायला नऊ वर्षं घेतली गेली. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द होत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा मध्यरात्र चार तासांवर होती. दोन्ही प्रसंगांची कारणं वेगळी, हेतूही वेगळे, हे मान्य. पण ज्यांच्याकडे बँकेचं खातं नाही किंवा असलेलं खातं जिल्हा बँकेत आहे, त्यांना वेळ किती हवा, याचा अंदाज १९५० च्या दशकातल्या कारकुनांना अधिक होता असं म्हणावं लागतं. नोटाबंदीच्या सहाव्या दिवशी, १४ नोव्हेंबरला, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई झाली. खेड्यातल्या शेतकऱ्याचं खातं बहुधा तिथंच होतं.

हैदराबाद स्टेट बँकेचं पुढे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. १९५३ मध्ये ती रिझर्व्ह बँकेची प्रतिनिधी म्हणून सरकारी व्यवहार पाहू लागली. १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिची मालकीच घेतली आणि नाव उलटं केलं: स्टेट बँक ऑफ हैदराबाद. १९५९ पासून ती स्टेट बँकेची उपबँक झाली. मराठवाड्यातल्या किती पिढ्यांची पहिली पासबुकं या बँकेची आहेत! चलन सांभाळणारी बँक बघता बघता पगार, पेन्शन आणि पीककर्जाची बँक झाली, आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन होऊन नकाशावरून गेली.

चलन एक झालं तरी पतपुरवठा एक झाला नव्हता. रिझर्व्ह बँकेची एक खासियत अशी की शेतीच्या कर्जासाठी वेगळं खातं तिच्या कायद्यातच सुरुवातीपासून होतं. इंग्लंडच्या बँकेला असल्या गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं देशातल्या ७५ जिल्ह्यांत ग्रामीण कर्जाची पाहणी करवली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष आणि धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. त्यातला एक आकडा पुढची तीस वर्षं भाषणांत फिरत राहिला: शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के. व्यापारी बँकांचा तर एक टक्काही नाही. सुमारे सत्तर टक्के सावकारांचा. सवाई-दिडीनं धान्य देणारा, जमिनीचा कागद करून घेणारा सावकार बीडच्या माणसाला आकडेवारीतून ओळखून घ्यावा लागत नव्हता. १९५५ ची स्टेट बँक, पुढे १९६९ ची अग्रणी बँक योजना आणि १९८२ ची नाबार्ड हे सगळे त्या पाहणीच्या वाटेवरचे थांबे आहेत.

मध्यवर्ती बँकेचं आणखी एक काम म्हणजे बँका बुडू न देणं, आणि बुडाल्याच तर ठेवीदाराला वाऱ्यावर न सोडणं. यालाही एका संकटाची पार्श्वभूमी आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याकडची अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यानं ठेव विम्याचा कायदा झाला आणि १९६२ पासून ठेवींना विमा आला. सुरुवातीला फक्त दीड हजार रुपयांचा. १९९३ मध्ये तो एक लाख झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. सहकारी बँकेतली ठेवही त्यात येते.

पतसंस्थेतली येत नाही. बीड जिल्ह्यानं गेल्या काही वर्षांत जी किंमत मोजली ती या एका वाक्याची. ‘मल्टिस्टेट’ ही पाटी बीडच्या बाजारपेठेत, तालुक्याच्या गावात, मोठ्या खेड्यातही दिसू लागली. काचेचं दार, आत संगणक, पासबुक, बँकेपेक्षा दोन-चार टक्के जास्त व्याज. बघणाऱ्याला ती बँकच वाटे. कायद्यानं मात्र ती २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखालची संस्था होती, तिचा निबंधक दिल्लीत, आणि रिझर्व्ह बँकेची देखरेख तिच्यावर नव्हती. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती: नावात ‘बँक’ लावणाऱ्या आणि सभासद नसलेल्यांकडून ठेवी घेणाऱ्या सहकारी संस्थांपासून सावध राहा, त्यांच्या ठेवींना विमा नाही. इंग्रजी-हिंदीतली ती सूचना धारूरच्या किंवा शिरूरच्या निवृत्त शिक्षकापर्यंत कशी पोचणार होती, हा प्रश्न कुणी विचारला असेल असं वाटत नाही. २०२३-२४ मध्ये संस्था एकामागून एक बंद पडू लागल्या. सर्वांत मोठी ज्ञानराधा मल्टिस्टेट. तिच्या प्रकरणात गुन्हे नोंदवले गेले, अटका झाल्या आणि सक्तवसुली संचालनालयाचा तपासही सुरू झाला. जमीन विकून आलेले, निवृत्तीला मिळालेले, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अडकले.

ठेवीदारांचं एक म्हणणं वारंवार ऐकू येतं: नोटा तर सरकारच्याच होत्या ना? नोटेवरची हमी त्या कागदापुरती असते. शंभराची नोट रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या शहीद भगतसिंग मार्गावरच्या मुख्य कचेरीत नेली तर वचनाप्रमाणे शंभर रुपये मिळतील, म्हणजे शंभराची दुसरी नोट किंवा सुटे. तीच नोट एखाद्या काउंटरवर देऊन पावती घेतली की ते वचन त्या काउंटरमागच्या माणसाचं होतं. चांदीच्या रुपयाच्या काळात सराफ दगडावर नाद ऐकायचा. पावतीचा नाद ऐकायची सोय अजून निघालेली नाही.

रिझर्व्ह बँकेचं आजचं सर्वांत गाजणारं काम म्हणजे व्याजदर ठरवणं. २०१६ पासून सहा जणांची समिती दर दोन महिन्यांनी बसते, महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडे-तिकडे, राखायची असं तिचं उद्दिष्ट आहे, आणि रेपो दर हे तिचं हत्यार. त्या महागाईच्या आकड्यात कांदा, तूर, ज्वारी सगळं मोजलेलं असतं. कांद्याचे भाव वाढले की मुंबईत चिंता, पडले की आष्टीत. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. घरकर्जाचे हप्ते कमी झाले, वर्तमानपत्रांत मथळे आले.

त्याच वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, गेवराईच्या गावांत ऊसतोडीचे मुकादम आले. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला बीडमध्ये ‘कोयता’ म्हणतात आणि हंगामाआधी त्याला दिलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’. उचलीवर रेपो दराचा परिणाम होत नाही. तिचं व्याज कुठं छापलेलं नसतं, ते तोडीच्या टनांत वळतं होतं. आजारपणानं, पावसानं, बैल बसल्यानं जेवढे दिवस पडले तेवढं अंगावर राहतं. नोटा करकरीत असतात, रिझर्व्ह बँकेच्या, गव्हर्नरच्या सहीच्या. बाजूच्या पट्टीत पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली, त्यांत मराठीही आणि निजामाच्या नोटेवर होती ती उर्दूही. कोयत्यानं त्या मोजून घेतल्या की मुकादम वही उघडतो आणि अंगठा घेतो. हंगाम संपवून माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात तेव्हा त्याच वहीत बाकी निघते, आणि ती पुढच्या दसऱ्याच्या पानावर नेऊन मांडली जाते.